सेलरीवाल्यांचं घराणं

आमच्या आत्याला कोणीही नवीन माणूस भेटलं, की पाण्याचा पेला त्याच्या हातात जायच्या आधी ती त्याचं घराणं विचारायची. नागपुरात ही सवय खपून जायची, कारण तिथे समोरचाही उलट तेच विचारायचा आणि दोन मिनिटांत कुणाचा तरी मावसदीर निघायचा. पण मिशिगनमधल्या ट्रॉयला येऊन राहिल्यावरही तिनं ती सोडली नाही. इंग्रजी तिला येत नव्हतं, म्हणून प्रश्न माझ्यामार्फत जायचा. घर गरम ठेवणारी भट्टी दुरुस्त करायला आलेला माणूस तळघरातून वर आला, की आत्या म्हणायची, "मिनू, विचार बरं याला, घराणं कुठलं म्हणावं." मी त्याला विचारायची, तुम्ही कुठले? तो सांगायचा, ओहायोचा. "ओहायोचा आहे," असं मी आत्याला सांगितलं, की ती समाधानानं "हो का" म्हणायची आणि चिवड्याची बशी पुढे करायची. उत्तर काय येतं याच्याशी तिला काही घेणंदेणं नसायचं. विचारलं नाही तर आलेल्या माणसाला परकं वाटेल, एवढंच तिचं म्हणणं. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण ताईच्या लग्नाचं पुढचं सगळं रामायण या एका प्रश्नातून झालं आणि त्यात प्रश्न विचारणारीचा दोष शोधूनही सापडत नाही.

आत्या म्हणजे बाबांची बहीण, त्यांच्यापेक्षा बरीच मोठी. लवकर विधवा झालेली, मूलबाळ नाही, म्हणून बाबांनी तिला इकडे आणलं. ती स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत राहायची. आई इस्पितळाच्या लॅबमध्ये नोकरी करायची, त्यामुळे स्वयंपाकघराची सत्ता आपोआप आत्याकडे गेली आणि आईनं ती आनंदानं जाऊ दिली. मी बालपण आठवायला लागले की आधी आवाज आठवतात. पहाटे भट्टी सुरू होताना भिंतीतून येणारा हुंकार, मग रस्त्यावरून बर्फ ओढत जाणारी गाडी आणि या दोन्हींच्या मधे आत्याचा खलबत्ता. मिक्सर तिला चालत नसे. बाहेर सगळं पांढरंफटक आणि घरात गोळाभातावर ओतलेल्या कडकडीत तेलाचा वास, असे आमचे रविवार असत. शाळेत माझ्या कोटाला तो वास यायचा आणि मला त्याची लाज वाटायची. आता चँडलरच्या या वाळवंटात मी एकटी राहते, दार उघडं टाकून गोळाभात करते आणि तो वास कुठेच टिकत नाही, याचंच वाईट वाटतं.

बाबा एका मोटार कंपनीत ब्रेकची डिझाइन्स करायचे. माणूस बुटका, नीटनेटका आणि मोजून बोलणारा. राग आला की ते ओरडत नसत, फावडं घेऊन अंगणातला बर्फ काढायला जात. ताईनं पीटरला पहिल्यांदा घरी आणलं त्या दिवशी सकाळीच बर्फ काढून झाला होता, तरी बाबा बाहेर गेले आणि कोरडं सिमेंट खरवडत बसले. ताई नर्सिंग शिकली होती आणि पीटर तिच्याच इस्पितळात कामाला होता. तो इतका उंच होता की आमच्या तळघराच्या जिन्यात त्याला मान तिरकी करावी लागायची. सोफ्यावर गुडघे जवळजवळ छातीशी घेऊन तो बसला होता. आई चहाचं निमित्त करून आत गेली. मग आत्या खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली आणि तिनं तिचा प्रश्न विचारला.

ताई फार प्रामाणिक मुलगी. माझ्यासारखी ती "कुठले" वर थांबली नाही. तिनं त्याला सगळं समजावून सांगितलं, की घराणं म्हणजे नुसतं कुटुंब नाही, तुमची माणसं कोण, कुठून आली, मागे कोण होऊन गेलं, समाजात नाव काय, हे सगळं त्यात येतं. पीटरनं विचार केला आणि म्हणाला, "सेलरी."

"म्हणजे काय?" आत्यानं मला विचारलं.

"भाजी आहे, आत्या. दांडे असतात. त्यांचे लोक तीच पिकवतात, ताई म्हणते. डच लोक आहेत, मिशिगन लेकच्या बाजूला. तिकडे काळी जमीन आहे."

"काळी?" आत्याचे डोळे चमकले. "मग भाजी काहून लावतात? कापूस लावा म्हणा."

आत्याच्या दृष्टीनं विषय तिथे संपला होता. बाबा आत आले तेव्हा ती पीटरला कोथिंबीर भरलेली तिसरी सांबारवडी वाढत होती. पण बाबांच्या दृष्टीनं काही संपलं नव्हतं. पीटर गेल्यावर ते ताईला एवढंच म्हणाले, "दादाला काय कळवू मी? भाजीवाले म्हणून?"

दादा म्हणजे आमचे दादाकाका, नागपूरचे वकील, घरातले सर्वांत थोरले. बाबांना शिकवलं त्यांनी, विमानाच्या तिकिटाचे पैसे दिले त्यांनी. घरात कुठलीही गोष्ट पक्की व्हायची ती त्यांनी "ठीक आहे" म्हटल्यावर. बाबा अमेरिकेत गाडीचं मॉडेल बदलायचे तेही दादाकाकांना कळवून. ते हो म्हणाले नाहीत तर बाबा लग्नाला उभे राहणार नाहीत, हे बाबांनी सांगितलं नाही, पण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. ताईलाही ठाऊक होतं. ती म्हणाली, "बाबा, मी पळून वगैरे जाणार नाही. तुम्ही उभे राहाल तेव्हाच करू. वेट करते मी." ओरडली असती तर बाबांना सोपं गेलं असतं.

तिकडे पीटरनं आपल्या आजीला जाऊन सांगितलं, की मुलीच्या घरच्यांनी घराणं विचारलं आहे. या आजीला सगळे ओमा म्हणायचे, आम्हीही तेच म्हणायला लागलो. तिचं आडनाव ओल्डेनहोफ. नवरा हेन्ड्रिक वारलेला, मुलगा गेरिट म्हणजे पीटरचे वडील, तेच शेत करायचे. ओमाच्या पंथात प्रश्नाला उत्तर द्यायचं म्हणजे पूर्ण द्यायचं, अर्धवट उत्तर हे खोट्याच्या शेजारचं मानायचे. मुलीकडच्यांनी रीतसर विचारणा केली आहे, त्यांच्यात ही पद्धत आहे आणि उत्तराशिवाय लग्न अडलं आहे, असा तिनं अर्थ घेतला. सेलरीचं शेत बर्फाखाली झोपलं होतं, ओमाला वेळ होता. तिनं टोपी घातली, बूट चढवले आणि गावच्या वाचनालयात जाऊन विचारलं, की माझ्या नवऱ्याचं घराणं शोधायचं आहे, सुरुवात कुठून करू?

त्या हिवाळ्यात ताई मला दोनदा तिकडे घेऊन गेली. मिशिगनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट पांढरी शेतं आणि मग अचानक टुलिपच्या चित्रांच्या पाट्या लागायच्या. ओमाच्या घरात घड्याळाशिवाय आवाज नसायचा. जेवणाआधी सगळे मान खाली घालून गप्प बसायचे आणि जेवणानंतर गेरिट बायबलमधला एक उतारा वाचायचे, तोवर ताट उचलायचं नाही. वाटाण्याचं सूप असायचं, इतकं दाट की चमचा त्यात उभा राही. आत्यानं दिलेली लसणाची चटणी मी पर्समधून काढून त्यात घातली, तेव्हा ओमानं बशी पुढे केली, "मलाही दे." तिनं चाखली, डोळ्यांतून पाणी आलं. मग ती पुन्हा चमचा बुडवून खायला लागली. चर्चमध्ये तिच्या शेजारी बसले होते तेव्हा प्रवचन रंगात आलं असताना पर्स उघडल्याचा बारीक आवाज झाला आणि माझ्या तळहातावर एक पेपरमिंटची गोळी आली. मागच्या बाकापर्यंत सगळीकडून तसेच आवाज येत होते. लांबलेलं बोलणं सहन करायची ती त्यांची रीत होती आणि त्या रीतीत मला घेतलं, याचा मला त्या वयात फार आनंद झाला.

शोधाचं काम कसं चालतं तेही तिनं दाखवलं. हॉलंडमधल्या चर्चांच्या जुन्या नोंदींच्या फिल्म्स मागवता यायच्या. त्या यंत्रावर लावायच्या आणि अंधाऱ्या खोलीत हँडल फिरवत एकेक पान सरकवायचं. बारसं, लग्न, दफन, पुन्हा बारसं. ओमाला जुनं डच वाचता यायचं, लहानपणी आईनं बायबल त्यातच शिकवलं होतं. हेन्ड्रिकचे वडील यान, ते हॉलंडहून आलेले. यानचे वडील, त्यांचे वडील, असं ती मागे मागे जात होती. आता माझ्या शेजारच्या बाई चहा पिता पिता फोनवर पाचशे वर्षं मागे जाऊन येतात आणि मधेच दूध उतू जातं म्हणून उठतात. ओमाला प्रत्येक बापासाठी आठवडे लागायचे. त्यामुळे एखादा सापडला की ती त्याच्याबद्दल चुलत्याबद्दल बोलावं तसं बोलायची. "हा मेंढ्या ठेवायचा. याची पहिली दोन मुलं गेली."

बर्फ वितळायच्या सुमाराला ओमाच्या घरून ताईचा फोन आला. बाबांनी घेतला. ते बराच वेळ "हं" एवढंच म्हणत होते. मग त्यांनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसले. ओल्डेनहोफ हे गेल्डरलँड प्रांतातलं उमराव घराणं निघालं होतं. त्यांच्यातल्या एकाला योंकहेर असा किताब होता, नदीकाठी गढी होती आणि निळ्या ढालीवर तीन रुपेरी मासे असं त्यांचं चिन्ह होतं. पुढे धाकट्या शाखेची जमीन गेली, मग मेंढ्या, मग जहाज, मग मिशिगनचा चिखल. पण सुरुवात गढीपासून होती.

"योंकहेर म्हणजे आपल्याकडे काय?" बाबांनी आईला विचारलं.

"मला काय माहीत?" आई म्हणाली.

"सरदारच म्हणायचं," बाबांनी ठरवलं.

त्या दिवसापासून बाबा बदलले. मोजून बोलणारा माणूस मराठी मंडळाच्या पाडव्याला भेटेल त्याला योंकहेर समजावू लागला. दादाकाकांना त्यांनी लांबलचक पत्र घातलं. त्यात ताईचा उल्लेख शेवटी होता आणि माशांचा आधी. महिन्यानं दादाकाकांचं उत्तर आलं, की लग्नाला मी स्वतः येतो. बाबांनी ते पत्र ऑफिसातही नेलं. आत्यानं फक्त एकच विचारलं, "गढी आहे का पडली?" पडली, असं सांगितल्यावर ती म्हणाली, "सगळ्यांच्याच पडतात," आणि डाळ निवडायला लागली. ताई आणि पीटर खूश होते, कारण गाडं पुढे सरकलं होतं. कशामुळे सरकलं याची चिकित्सा करायची त्यांना काही गरज नव्हती.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी आमच्या स्वयंपाकघरात उभं राहायला जागा नव्हती. आत्या आणि मंडळातल्या दोन काकू पुरण वाटत होत्या. ताई कोपऱ्यात मेंदीचे हात वर धरून बसली होती. दादाकाका टेबलाशी बसून चकली खात होते, तीन दिवसांपूर्वीच आलेले, उन्हाळ्यातही अंगात स्वेटरवर स्वेटर. ओमा आणि गेरिट तिकडून बदामाच्या लांब पेस्ट्र्या घेऊन आले होते. ओमा काळ्या पर्सवर हात ठेवून ताठ बसली होती. तेवढ्यात जोशीकाका आले. जोशीकाका बाबांच्याच कंपनीत धातूंच्या चाचण्या करायचे आणि शनिवार-रविवार लग्नं लावायचे. ऑफिसचा बिल्ला तसाच खिशाला होता. त्यांनी गेरिटना इंग्रजीत सांगितलं, "उद्या संकल्पात मला नवऱ्यामुलाच्या तीन पिढ्यांची नावं घ्यावी लागतात. वडील, आजोबा, पणजोबा. तेवढी सांगा."

"तीनच?" बाबा म्हणाले. "अहो, चौदा पिढ्या मिळाल्या आहेत."

"तीनच असतात हो. आपल्याला तरी चौथा कुठे आठवतो?"

गेरिट म्हणाले, "मी गेरिट. माझे वडील हेन्ड्रिक. त्यांचे वडील यान."

"थांबा," ओमा म्हणाली. "ही नावं कुणापुढे घेणार?"

"देवापुढे. अग्नी साक्षीला असतो," जोशीकाका म्हणाले.

ओमानं माझ्याकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "तुझ्या आत्याला नीट सांग. काही गाळू नकोस." ती हळू बोलत होती, एकेक वाक्य झालं की माझ्यासाठी थांबत होती. "हेन्ड्रिक यानच्या पोटचा नव्हता. त्याला रेल्वेनं आणलं होतं. न्यूयॉर्कहून अनाथ मुलं गाडीत बसवून इकडे पाठवायचे. स्टेशनावर उतरवायचे, चर्चमध्ये रांगेत उभी करायचे, आणि शेतकरी येऊन निवडून न्यायचे. यानला सेलरी उपटायला हात हवे होते, म्हणून त्यानं याला नेलं. त्याचे आईबाप कोण, ते त्याला माहीत नव्हतं. लग्नाआधी त्यानं मला सांगितलं. मुलांना सांगू नकोस म्हणाला, म्हणून मी सांगितलं नाही."

पुरणयंत्राचा आवाज थांबला. मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. मी ताईकडे बघायचं टाळलं. लग्न मोडतंय आणि ते माझ्या तोंडून मोडतंय, असं मला वाटत होतं.

"तुम्ही घराणं विचारलंत," ओमा पुढे म्हणाली. "त्याचं मला सांगता येणार नव्हतं. म्हटलं, ज्या घरानं त्याला घेतलं ते तरी कुणाचं, ते शोधू. मी जे शोधलं ते सगळं खरं आहे. पण त्यात सरदार निघाला तेव्हा मला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की उरलेलं सांगायचं मी राहू दिलं. उद्या देवापुढे ते चालणार नाही."

बाबांचा चेहरा उतरला होता. ते ओमाकडे बघत नव्हते, दादाकाकांकडे बघत होते. पण आधी बोलले ते गेरिट. खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "शेताच्या कडेनं गाडी गेली, की डॅड काम सोडून सरळ उभे राहायचे. शेवटचा डबा जाईपर्यंत. आम्हाला वाटायचं, पाठ दुखते." ओमानं पर्स उघडली आणि काही न काढताच बंद केली.

दादाकाकांनी हातातली चकली बशीत ठेवली. त्यांचं इंग्रजी कोर्टातलं होतं, अक्षर न् अक्षर सुटं. त्यांनी ओमाला विचारलं, "यानला स्वतःची मुलं होती?"

"चार."

"म्हातारपणी त्याचं कोणी केलं?"

ओमाला प्रश्न कळला नाही. मी समजावून सांगितलं, की म्हणजे खाऊ-पिऊ घालणं, अंग पुसणं, उठवणं-बसवणं.

"हेन्ड्रिकनं," ओमा म्हणाली. "चौघं मोटारींच्या कारखान्यात गेले. यान तीन वर्षं अंथरुणावर होता. बाळाचं करावं तसं हेन्ड्रिकनं त्याचं केलं. मी करायला गेले तर मला करू द्यायचा नाही."

"आणि खांदा कोणी दिला?"

तेही मला सांगावं लागलं. "पेटी उचलायला हेन्ड्रिक पुढे होता," ओमा म्हणाली. "मुलं मागे."

"बरं," दादाकाका जोशीकाकांकडे वळून मराठीत म्हणाले, "काय अडलं आहे तुमचं? यानचा हेन्ड्रिक, हेन्ड्रिकचा गेरिट. म्हणा उद्या."

"माझं काहीच अडलं नव्हतं," जोशीकाका म्हणाले. "गोत्र काश्यप धरणार होतो. ज्याला माहीत नाही त्याचं काश्यप."

आत्यानं पुन्हा पुरणयंत्राला हात घातला. "दत्तकच न? मग त्यात काय एवढं घाबरून राहिली बिचारी? आपल्या आबांचे वडील दत्तकच आले होते की. मिनू, सांग तिला." आबा म्हणजे बाबांचे आणि आत्याचे वडील. मी ते पहिल्यांदाच ऐकत होते. ताईही. आमच्या ज्या घराण्याला शोभायला हॉलंडचा सरदार लागत होता, ते मधे एका ठिकाणी असं जोडलेलं होतं आणि त्याबद्दल कुणी काही लपवलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असंच कुणाला वाटलं नव्हतं. मी ओमाला ते सांगितलं. तिनं आत्याकडे पाहिलं. मग पुन्हा पर्स उघडली आणि या वेळी पेपरमिंटच्या गोळ्या काढून आधी दादाकाकांना, मग आत्याला, मग स्वयंपाकघरात असलेल्या प्रत्येकाला एकेक दिली.

बाबांनी ती घेतली, पण तोंडात टाकली नाही. "दादा," ते हलकेच म्हणाले, "मी सगळ्यांना सरदार म्हणून सांगून बसलोय. तुम्हालाही तेच लिहिलं होतं. त्यावरच तुम्ही हो म्हणालात."

"तुझं पत्र यायच्या आधीच मी पासपोर्टचा अर्ज केला होता," दादाकाका म्हणाले. "वसूच्या आत्यानं हिवाळ्यातच कळवलं होतं. तिचं लग्न म्हटल्यावर मी घरी बसणार होतो का? मासे कसले ते मला अजून कळलेलं नाही." वसू म्हणजे आमची ताई. ती मेंदीचे हात तसेच वर धरून रडायला लागली आणि डोळे पुसायला आईला यावं लागलं. बाबा उठून बाहेर गेले. उन्हाळा होता, फावडं गॅरेजमध्ये होतं. मी खिडकीतून पाहिलं, तर ते नुसतेच अंगणात उभे होते.

दुसऱ्या दिवशी भाड्याच्या हॉलमध्ये, अ‍ॅल्युमिनियमच्या ट्रेमध्ये होम पेटवून, जोशीकाकांनी नावं घेतली. यानवर्मणः प्रपौत्राय, हेन्ड्रिकवर्मणः पौत्राय, गेरिटवर्मणः पुत्राय. ते क्षत्रियांचं वर्मा त्यांनी बाबांच्या समाधानासाठी जोडलं होतं, असं त्यांनी नंतर मला सांगितलं. ओमा पहिल्या रांगेत होती. संस्कृतातून हेन्ड्रिकचं नाव आलं तेव्हा ती उठून उभी राहिली. आपल्याकडे तिथे कुणी उभं राहत नाही, पण तिला खाली बस म्हणून कुणी सांगितलं नाही. शेजारी गेरिटही उभे राहिले, फेटा सावरत.

बाबांचं मन मात्र पुढे बरीच वर्षं गढीत अडकलेलं होतं. मंडळात कुणी विचारलं तर ते "तसे दत्तक, पण घराणं सरदाराचं" असं सांगत. ओल्डेनहोफांकडे जायचं झालं की त्यांना हटकून काम निघे. ओमानं माशांचं चिन्ह एका कापडावर भरून त्यांना दिलं होतं. ते त्यांनी भिंतीवर लावलं नाही आणि टाकलंही नाही. त्यांचा अपमान कुणी केला नव्हता, पण झाल्यासारखा त्यांना वाटत होता, आणि अशा अपमानाला औषध नसतं. ओमा दर नाताळात आम्हाला बदामाच्या पेस्ट्र्या पाठवायची आणि आत्या तिला लसणाची चटणी. या दोघींचं एका शब्दावाचून छान चाललं होतं. आत्या गेली त्या वर्षीही ओमाची पेस्ट्री आली. बाबांनी ती एकट्यानं बसून खाल्ली.

ओमा गेली ती ऐन थंडीत. मी तेव्हा नोकरी करत होते, बाबांना गाडीतून मीच घेऊन गेले. यायचं का म्हणून मी विचारलं होतं, तर ते आधीच कोट घालून दारात उभे होते. चर्चमधली प्रार्थना झाली. पेटी उचलायला सहा माणसं ठरली होती, पीटर आणि त्याचे भाऊ, चुलतभाऊ, सगळे सहा-सव्वासहा फुटी. गेरिटची पाठ गेली होती, ते काठी टेकून उभे होते. त्यांनी पुढे व्हायचा प्रयत्न केला तेव्हा बाबांनी त्यांच्या दंडाला धरून त्यांना थांबवलं. मग ते स्वतः पुढे गेले, डावीकडच्या पहिल्या मुलाला हातानं बाजूला केलं आणि त्याच्या जागी उभे राहिले. तो मुलगा मागे सरला.

इकडे पेटी बाजूच्या कड्यांना धरून कमरेच्या उंचीवर नेतात. बाबांना ते माहीत होतं की नव्हतं, कोण जाणे. त्यांनी कडी सोडली, खाली वाकले आणि आपल्याकडे उचलतात तसा पेटीचा कोपरा सरळ खांद्यावर घेतला. बाकीचे पाच जण गोंधळून एकमेकांकडे बघायला लागले. पीटरनं आधी उचललं, मग बाकीच्यांनी. पण त्यांचे खांदे बाबांच्या खांद्याहून हातभर वर होते आणि पेटी बाबांच्या बाजूला कलली. मी पुढे धावणार होते. तेवढ्यात पीटर गुडघ्यात वाकला. त्याला पाहून इतर चौघंही वाकले, पेटी सरळ झाली आणि ते सगळे उंच गडी गुडघे मोडून, बाबांच्या उंचीचे होऊन, बर्फातून शेवटपर्यंत तसेच चालत गेले.